चॅटबॉटला थेरगाव किती ठाऊक?

मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये आपल्या रोजच्या भाषेत प्रश्न लिहावा किंवा बोलावा आणि काही क्षणांत त्याचे सलग, नीटनेटके उत्तर पडद्यावर उमटावे, या सोयीला ‘चॅटबॉट’ म्हणतात. पलीकडून बोलणारा कोणी माणूस नसतो, तर दूरच्या संगणकावर चालणारी आज्ञावली असते. ओपनएआय या अमेरिकी कंपनीचा ‘चॅटजीपीटी’ ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुला झाला, त्याचे अँड्रॉइड ॲप जुलै २०२३ मध्ये भारतात आले, गुगलचे ‘जेमिनी’ ॲप जून २०२४ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांत मिळू लागले आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपमध्ये ‘मेटा एआय’ची गोल खूण दिसू लागली. म्हणजे ज्यांनी वेगळे ॲप कधी उतरवून घेतले नाही, त्यांच्याही फोनमध्ये चॅटबॉट येऊन बसला. ही सोय मिळवण्यासाठी कोणाला काही शिकावे लागले नाही, आणि तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमजही नेमके यातूनच निर्माण झाले आहेत.

पवनेच्या काठचे थेरगाव या विषयाच्या विचारासाठी चांगले ठिकाण आहे. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका मिळालेल्या पिंपरी-चिंचवडमधले हे एके काळचे शेतीवाडीचे गाव आज डांगे चौकाच्या चहूबाजूंनी इमारती, चाळी, भाड्याच्या खोल्या आणि दुकाने यांनी दाटलेले आहे, आणि भोसरी, चाकण व हिंजवडीकडे कामाला जाणारे मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि उत्तर भारतातले लोक तेथे राहतात. अशा वस्तीत माणसाला कागदांशी फार झगडावे लागते. खोलीचे ॲग्रीमेंट, पीएफचे इंग्रजी संदेश, कंपनीची नोटीस, मुलांच्या प्रवेशाचे अर्ज, मालमत्ता कराचे बिल, विम्याच्या अटी यांतील बहुतेक मजकूर वाचणाऱ्याच्या भाषेत नसतो, किंवा मराठीत असला तरी कार्यालयीन मराठीत असतो, जी अनेकांना इंग्रजीइतकीच दूरची वाटते. चॅटबॉटचा खरा उपयोग येथून सुरू होतो. त्याची मर्यादाही याच वस्तीत लवकर कळते, कारण प्रश्न जितका घराजवळचा असेल तितके या यंत्राचे उत्तर कच्चे निघते; असे का होते, हे समजून घेण्यासाठी ते उत्तर तयार कसे होते हे पाहावे लागते.

प्रश्न विचारून माहिती मिळवण्याची व्यवस्था या शहराला नवी नाही. श्रीकर परदेशी आयुक्त असताना महानगरपालिकेने १५ ऑगस्ट २०१३ रोजी ‘सारथी’ ही सेवा सुरू केली. महापालिकेच्या निरनिराळ्या विभागांचे काम, लागणारी कागदपत्रे, शुल्क आणि जबाबदार अधिकारी यांची माहिती प्रश्नोत्तरांच्या रूपाने एकत्र करून ती पुस्तकात, संकेतस्थळावर आणि पुढे मोबाइल ॲपवर देण्यात आली, आणि ८८८८००६६६६ या क्रमांकावर फोन उचलणारी माणसे बसवण्यात आली. सारथीवर मिळणारे उत्तर कोणत्या तरी विभागाने आधी लिहून दिलेले असते. ते चुकीचे निघाले तर कोणाला विचारायचे हे ठरलेले असते, आणि प्रश्न त्या यादीत नसेल तर तो नाही एवढे तरी कळते. मुंबई महापालिकेने जानेवारी २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर आणलेला चॅटबॉटही मुळात याच जातीचा, म्हणजे ठरलेल्या पर्यायांतून वाट काढत ठरलेल्या माहितीपर्यंत नेणारा. चॅटजीपीटी, जेमिनी आणि त्यांच्यासारखे चॅटबॉट वेगळ्या तत्त्वावर चालतात. त्यांच्यामागे लिहून ठेवलेल्या उत्तरांचे कपाट नसते. प्रत्येक उत्तर त्या त्या वेळी शब्दाशब्दाने रचले जाते. दोन्हींचा पडदा सारखाच दिसतो, त्यामुळे हा फरक वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

यंत्राशी गप्पा मारण्याची कल्पना जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. समोरच्याच्या वाक्यातले काही शब्द उचलून त्यांचाच प्रश्न करून परत द्यायचा, एवढीच तिची युक्ती होती, तरी लोक तिच्याजवळ मन मोकळे करू लागले, हे पाहून तिचा कर्ताच अस्वस्थ झाला. आजच्या चॅटबॉटचा गाभा ‘भाषा-प्रारूप’ नावाची गणिती रचना असते. ‘पवना नदीच्या काठी वसलेले’ इतके शब्द आले की पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता किती, याचा अंदाज हे प्रारूप बांधते; ‘गाव’ची शक्यता अधिक, ‘थेरगाव’ची त्याहून कमी, ‘रेल्वे’ची जवळजवळ नाहीच. त्या अंदाजानुसार एक शब्द निवडला जातो, तो जोडून पुन्हा पुढच्याचा अंदाज केला जातो, आणि असे करत करत परिच्छेद तयार होतो. निवडीत थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते, म्हणून तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की शब्द बदलतात आणि काही वेळा आशयही बदलतो.

हे अंदाज बांधण्याचे सामर्थ्य प्रारूपाला प्रशिक्षणातून येते. संकेतस्थळे, पुस्तके, लेख असा प्रचंड मजकूर त्याच्यासमोर ठेवून पुढचा शब्द ओळखण्याचा सराव अब्जावधी वेळा करवला जातो आणि प्रत्येक चुकीनंतर त्याच्या आतील संख्या किंचित बदलल्या जातात. हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर करणे ज्या रचनेमुळे शक्य झाले, ती ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना गुगलमधील आठ संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली. वाक्यातील प्रत्येक शब्दाचा इतर प्रत्येक शब्दाशी असलेला संबंध एकाच वेळी तोलता येणे हे तिचे वैशिष्ट्य. त्या आठ जणांपैकी निकी परमार यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी या महाविद्यालयात झाले होते, ही गोष्ट थेरगावपासून तासाभराच्या अंतरावरची असूनही पुणे जिल्ह्यात फारशी सांगितली जात नाही. प्रशिक्षणाच्या पुढच्या टप्प्यात माणसे निरनिराळी उत्तरे वाचून कोणते बरे ते ठरवतात आणि प्रारूप त्या पसंतीकडे वळवले जाते. चॅटबॉटचे आर्जव, त्याची शिस्त आणि त्याच्या बोलण्यातला ठामपणा या टप्प्यातून येतो. तो ठामपणा उत्तर बरोबर असताना जितका असतो, तितकाच ते चुकीचे असतानाही असतो, ही गोष्ट वापरणाऱ्याने प्रथम ध्यानात घेतली पाहिजे, कारण माणसाशी बोलताना आपण त्याच्या आवाजातल्या अडखळण्यावरून त्याच्या खात्रीचा अंदाज करतो आणि येथे तो आधारच नाहीसा झालेला असतो.

या सगळ्यात मराठीचे स्थान कोठे आहे? २०११ च्या जनगणनेनुसार भारतात मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात होती. बोलणारे इतके असूनही संगणकाला वाचता येईल असा मराठी मजकूर त्या मानाने फार थोडा आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि आज त्यात साधारण एक लाख लेख आहेत, तर इंग्रजी विकिपीडियातील लेखांनी ७० लाखांचा टप्पा ओलांडला आहे. दुसरी अडचण लिपीच्या साठवणुकीची आहे. संगणकावर सर्वत्र रुळलेल्या यूटीएफ-८ या मांडणीत रोमन लिपीचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावते, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला मात्र तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी या स्वतंत्र खुणा धरल्या जातात. त्यामुळे रोमन अक्षरांतले थेरगाव ८ बाइटमध्ये बसते आणि देवनागरीतले १८ बाइट घेते. प्रारूप शब्द जसेच्या तसे न घेता त्यांचे ‘टोकन’ नावाचे तुकडे पाडून घेते, आणि सुरुवातीच्या प्रारूपांत मराठी वाक्याचे तुकडे इंग्रजीच्या तुलनेत कितीतरी अधिक पडत. तुकडे जितके अधिक तितका वेळ आणि खर्च अधिक, आणि एका संभाषणात मावणारा मजकूर कमी. मे २०२४ मध्ये आलेल्या ‘जीपीटी-४ओ’मध्ये तुकडे पाडण्याची रीत सुधारल्यावर कंपनीने दिलेल्या मराठी नमुन्यातील तुकड्यांची संख्या जवळपास एक-तृतीयांशावर आली. एका तांत्रिक बदलाने मराठी वापरणाऱ्याचा इतका फायदा व्हावा, यावरून त्याआधी मराठीचा विचार किती झाला होता हे उघड होते.

मराठीसाठी स्वतंत्रपणे झालेले काही कामही पुण्यातलेच आहे. ‘एल३क्यूब पुणे’ या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीट भावनेनुसार वर्गवारी लावून प्रसिद्ध केले आणि २०२२ मध्ये ‘महाकॉर्पस’ हा २ कोटी ४८ लाख वाक्यांचा मराठी मजकूरसंग्रह आणि त्यावर प्रशिक्षित केलेली ‘महाबर्ट’ ही प्रारूपे संशोधकांना मोफत उपलब्ध करून दिली. या कामातला मोठा वाटा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा आहे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या उपक्रमाने २०२२ पासून भाषांतर आणि वाणी-ओळख यांचे काम भारतीय भाषांसाठी हाती घेतले आहे. तरीही फोनवरचे लोकप्रिय चॅटबॉट मराठी बोलतात ते प्रामुख्याने इंग्रजी मजकुरातून घेतलेल्या ज्ञानाच्या बळावर. त्यांचे मराठी दोन वर्षांपूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले असले, तरी त्यात वाक्यरचना इंग्रजीची, क्रियापदे कधी हिंदीच्या वळणाची आणि सूर शासकीय परिपत्रकाचा, असे मिश्रण अजून आढळते. व्याकरण सांभाळूनही भाषा परकी वाटू शकते, याचा असा सुलभ पुरावा पूर्वी मिळत नव्हता.

भाषेपेक्षा गंभीर प्रश्न आशयाचा आहे, आणि त्यासाठी भाड्याच्या खोलीचेच उदाहरण घ्यावे. अकरा महिन्यांच्या भाडेकराराची नोंदणी करावी लागते काय, असा प्रश्न थेरगावातल्या भाडेकरूने किंवा घरमालकाने राज्याचे नाव न घेता विचारला, तर चॅटबॉटकडून नकारार्थी उत्तर येण्याची दाट शक्यता असते. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिन्यांचा करार करण्याची प्रथा देशभर पडली, आणि इंग्रजीत या विषयावर जेवढे लिहिले गेले आहे त्यातील बहुतेक मजकूर हीच गोष्ट सांगतो. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे, मुदत कितीही असली तरी, बंधनकारक केले आहे, नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि नोंदणी नसलेल्या व्यवहारात अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट पुरावा मिळेपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे देशाच्या सरासरीला बरोबर असलेले उत्तर थेरगावात चुकीचे ठरते आणि ते चुकल्याचा भुर्दंड घरमालकाला बसतो. ‘महाराष्ट्रात’ एवढा एक शब्द प्रश्नात घातला तर उत्तर पुष्कळदा सुधारते. पण तो शब्द घालायला हवा हे ज्याला कळते, त्याला अर्धे उत्तर आधीच ठाऊक असते.

माहिती अधिकाराच्या अर्जाचेही तसेच. चॅटबॉटला अर्ज लिहून मागितला की तो मोठ्या हौसेने दोन पाने भरून, चार-पाच निरनिराळ्या विषयांची माहिती एकाच अर्जात मागून देतो. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी २०१२ च्या नियमांत अर्ज शक्यतो ५०० शब्दांच्या आत असावा असे म्हटले आहे; महाराष्ट्राच्या त्याच वर्षीच्या सुधारित नियमांनुसार मात्र अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या मर्यादेत असावा लागतो. गल्लीतल्या तुंबलेल्या चेंबरसाठी केलेला सुंदर अर्ज अशा कारणाने अडकू शकतो.

तिसरे उदाहरण काळाचे आहे. थेरगाव, वाकड, रहाटणी, काळेवाडी या परिसरातील जमिनींच्या प्रश्नात ‘प्राधिकरण’ हा शब्द सतत येतो. तो १९७२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाचा. ही संस्था जून २०२१ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन झाली आणि तिच्या हद्दीतील नियोजनाचे अधिकार महापालिकेकडे आले. परंतु तिच्याविषयी जवळजवळ पन्नास वर्षांत लिहिलेला मजकूर विलीनीकरणानंतरच्या मजकुराहून कितीतरी अधिक असणार, आणि भाषा-प्रारूप तर मजकुराच्या वजनाने कलते. त्यात प्रशिक्षणाला एक शेवटची तारीख असते, तिच्यापुढचे काही प्रारूपाला मुळात माहीत नसते. हल्ली अनेक चॅटबॉट उत्तर देण्याआधी इंटरनेटवर शोध घेतात आणि दुवे देतात, त्यामुळे ही उणीव कमी झाली आहे. तथापि सापडलेले पान जुने असेल तर उत्तरही जुनेच राहते. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात एक दिवसाआड पाणी येते, हे चॅटबॉट सांगू शकेल, पण आपल्या इमारतीचा वार आजचा की उद्याचा, दुरुस्तीसाठी पुरवठा बंद आहे काय, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. पवनेच्या निळ्या पूररेषेत एखादा भूखंड येतो की नाही, हा प्रश्न तर चॅटबॉटला विचारूच नये. त्याचे उत्तर नकाशावर असते, आणि मजकुरातून अंदाज करणाऱ्याने ते दिले तर घर घेणाऱ्याची आयुष्याची पुंजी पणाला लागते.

याहून पुढचा दोष म्हणजे नसलेली गोष्ट असल्यासारखी सांगणे; त्याला संगणकशास्त्रात ‘भ्रम’ म्हणतात. तो केवळ अजाण माणसालाच गाठतो असे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एका कंपनीविरुद्धचा आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले तीन न्यायनिवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात यंत्राने दिलेल्या निष्कर्षांवर डोळे मिटून विसंबू नये, ते वापरण्यापूर्वी पडताळावेत, असे न्यायालयाने बजावले. कॅनडातील एका न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला दिलेल्या चुकीच्या माहितीची जबाबदारी त्या कंपनीवरच टाकली होती. तेथे चॅटबॉट कंपनीचा स्वतःचा होता. ज्याने फोनवर मोफतचे ॲप वापरून कोणाला तरी चुकीचे उत्तर कळवले, त्याला असे दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही.

इतके सारे असूनही चॅटबॉट टाकाऊ ठरत नाही, कारण जेथे मजकूर वापरणाऱ्याने स्वतः समोर ठेवलेला असतो तेथे त्याचे काम खरोखर उत्तम होते. पीएफच्या इंग्रजी संदेशाचा स्क्रीनशॉट देऊन त्याचा अर्थ सोप्या मराठीत मागावा, विम्याच्या अटींचे पान दाखवून कोणत्या कारणाने दावा नाकारला जाऊ शकतो ते विचारावे, कंपनीच्या नोटिशीतील तारखा आणि मागण्या वेगळ्या काढून घ्याव्यात, पगाराच्या स्लिपमधील कपातींचा अर्थ समजून घ्यावा. या कामांत यंत्राला आठवणीतून काही आणावे लागत नाही आणि उत्तर मूळ कागदाशी ताडून पाहता येते. भोसरीच्या वर्कशॉपमधील ऑपरेटर सीएनसी यंत्राच्या पुस्तिकेतले इंग्रजी पान समजून घेऊ शकतो, आयटीआयचा विद्यार्थी न कळलेला धडा तीन वेगवेगळ्या रीतींनी समजावून घेऊ शकतो, आणि चार वेळा विचारले म्हणून चॅटबॉट वैतागत नाही. बीडहून किंवा जळगावहून आलेल्या तरुणाला मुलाखतीचा सराव इंग्रजीतून करायचा असेल, तर चूक झाल्यावर कोणी हसेल ही भीती तेथे नसते, आणि शिकण्याच्या आड येणाऱ्या गोष्टींत ही भीती फार वरची आहे. पूर्वी कचेरीच्या दारात छत्री लावून बसणारा अर्जनवीस जे काम करी, तेच चॅटबॉट करतो: म्हणणे आपले, शब्द त्याचे. अर्जनविसाला मात्र आतले कारकून, खिडक्या आणि वेळा माहीत असत, ते ज्ञान चॅटबॉटजवळ नाही.

चांगले उत्तर मिळवण्याची रीतही यातूनच ठरते. प्रश्नात ठिकाण, राज्य, तारीख आणि आपला हेतू घालावा. ‘थेरगाव’ नुसते न लिहिता पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे जिल्हा असे लिहावे, कारण एकाच नावाची गावे राज्यात अनेक असतात. उत्तर किती लांब हवे, कोणासाठी हवे, अर्जाच्या स्वरूपात की मुद्द्यांत, हे सांगावे. माहिती कोणत्या पानावरून घेतली ते विचारावे आणि दिलेला दुवा उघडून पाहावा, कारण पुष्कळ लोक दुवा दिसला एवढ्यावर समाधान मानतात. एका संभाषणात आधी सांगितलेले चॅटबॉट लक्षात ठेवून बोलतो, तेव्हा दोन निराळे विषय एकाच संभाषणात मिसळू नयेत. आणि ‘अमुक खरे आहे ना?’ असे विचारण्यापेक्षा ‘अमुक खरे आहे की खोटे, दोन्ही बाजू सांगा’ असे विचारावे, कारण होकार देण्याकडे त्याचा कल असतो.

टंकलेखनाची अडचण असलेल्यांसाठी बोलून विचारण्याची सोय मोठी आहे. गुगलने मराठी ध्वनिलेखन ऑगस्ट २०१७ मध्ये उपलब्ध केले आणि त्यानंतर ते बरेच अचूक झाले. ध्वनीचे मजकुरात रूपांतर करणारी प्रारूपेही नमुन्यांवरच शिकतात, आणि नमुने बहुतेक प्रमाण उच्चारांचे असतात. थेरगावात मात्र वऱ्हाडी, अहिराणीची छाप असलेली, लातूर-नांदेडकडची आणि मावळची अशी अनेक वळणांची मराठी एकाच जिन्यावर ऐकू येते, त्यात कारखान्यातील ‘शिफ्ट’, ‘लाइन’, ‘फिटर’, ‘ओटी’ असे शब्द मिसळलेले असतात. म्हणून बोलून झाल्यावर पडद्यावर काय उमटले ते वाचून मगच पाठवावे. यंत्र चुकीचे ऐकलेल्या प्रश्नाचेही तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देते.

आरोग्याविषयीचे प्रश्न हा वेगळा प्रांत आहे. रक्ततपासणीच्या अहवालातील शब्दांचा अर्थ समजून घेणे, डॉक्टरांना काय विचारायचे त्याची यादी करून नेणे, येथवर चॅटबॉट उपकारक आहे. औषधाची मात्रा ठरवणे, चालू असलेली गोळी बंद करणे, छातीत दुखत असताना वाट पाहावी की नाही हे त्याला विचारणे धोक्याचे आहे. थेरगावात महापालिकेचे रुग्णालय आहे, संत तुकारामनगरला यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. तेथील रांग कंटाळवाणी असली तरी रुग्णाला हात लावून तपासणारा माणूस तिच्या शेवटी असतो.

फोनमधले ॲप ही केवळ एक खिडकी असते. विचारलेला मजकूर आणि दिलेली छायाचित्रे कंपनीच्या दूरच्या संगणकांवर जातात, तेथे साठवली जाऊ शकतात आणि मोफत सेवांमध्ये पुढील प्रशिक्षणासाठी वापरलीही जाऊ शकतात. ही वापराची परवानगी बंद करण्याची सोय अनेक ॲपच्या सेटिंग्जमध्ये असते. आधार क्रमांक, बँक खात्याचे तपशील, ओटीपी, पासवर्ड यांतील काहीही चॅटबॉटला देण्याचे कारण कधीच पडत नाही. कागदाचे छायाचित्र देताना हे आकडे झाकून घ्यावेत. चाकण-भोसरी पट्ट्यातील लघुउद्योगांसाठी यात आणखी एक जोखीम आहे. मोठ्या वाहन कंपन्यांकडून येणारी सुट्या भागांची ड्रॉइंग गोपनीयतेच्या करारासह येतात, आणि एखाद्या मापाचा उलगडा करण्यासाठी कामगाराने ते ड्रॉइंग सहज चॅटबॉटला दाखवले, तर करार मोडतो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीची अंतर्गत माहिती चॅटजीपीटीला दिल्याचे उघड झाल्यावर त्या कंपनीने असा वापर बंद केला होता. प्रसिद्ध ॲपच्या नावाशी आणि चिन्हाशी मिळतीजुळती ॲप काढून वर्गणीच्या नावाखाली पैसे कापून घेणारेही आहेत, त्यामुळे ॲप उतरवण्याआधी ते कोणत्या कंपनीचे आहे ते पाहावे. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक असते. भारताचा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे, ही गोष्ट घरोघरी पालकांच्या फोनवर गृहपाठ उरकणाऱ्या मुलांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चॅटबॉटला थेरगाव अधिक ठाऊक व्हावे, असे वाटत असेल तर त्याचा उपाय केवळ परदेशी कंपन्यांच्या हाती नाही. अनेक सार्वजनिक संस्थांची मराठी कागदपत्रे वर्षानुवर्षे युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली आहेत. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन चिन्हे साठवलेली असतात आणि यंत्राला ती निरर्थक वाटतात. उरलेली कागदपत्रे छायाचित्रासारखी स्कॅन करून संकेतस्थळावर चढवलेली असतात, त्यांतून मजकूर शोधणे माणसालाही कठीण जाते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला, तो स्वागतार्ह आहे, परंतु त्या खिडकीमागे ठेवायची माहिती आधी शाबूत असायला हवी. सारथीच्या प्रश्नोत्तरांचा साठा, पाण्याच्या पाळ्या, पूररेषांचे नकाशे, प्रभागनिहाय सूचना आणि बदललेले नियम हे सर्व महापालिकेने युनिकोड मराठीत, प्रत्येक पानावर तारीख घालून आणि जुने पान जुने म्हणून चिन्हांकित करून सर्वांना खुले करावे. तसे होईपर्यंत थेरगावच्या नागरिकाने अर्ज चॅटबॉटकडून लिहून घ्यावा आणि त्यातला नियम सारथीला फोन करून विचारावा.